पंचवीस की पंचवीस पॉइंट झिरो आठ

"पंचवीस पॉइंट झिरो झिरो," मी म्हणाले.

मॅनेजर साहेबांनी समोरच्या कागदावर नजर टाकली. "बाकी तिघांनी पंचवीस पॉइंट झिरो आठ सांगितलंय. मी स्वतः मोजलं तेव्हाही तेच आलं. पुन्हा मोजा."

मुरबाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरचा इंटरव्ह्यू चालला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जागा एकच. मी शेणवे गावची, नुकतीच आयटीआय झालेली. एका हातात स्टीलची पिन, दुसऱ्यात व्हर्नियर. व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायची सरकती पट्टी. वस्तू तिच्या दोन जबड्यांत धरायची आणि माप वाचायचं. केसाएवढा फरकही कळतो.

आयटीआयत वर्गाला मिळून एकच व्हर्नियर होता. माझ्या हाती तो क्वचित यायचा. म्हणून कॉल लेटर आलं तशी मी शेजारच्या दामूमामांकडे गेले. मामा कल्याणच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले टर्नर, लेथ मशिनवरचे कारागीर. त्यांनी तेलकट फडक्यातून स्वतःचा व्हर्नियर काढला आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी मला शिकवलं. खिळे, बांगड्या, मामींचं लाटणं, सापडेल ते मोजायला लावलं. दर वेळी आधी एकच हुकूम, "आदी जबडं मिटव गो. शून्य बग. मंग माप."

मोजून झालं की खुर्ची टाकून ते साहेब व्हायचे. मी पुटपुटले की म्हणायचे, "ऐकू नाय आला. परत बोल." एखादी गोष्ट येत नसेल तर सरळ येत नाही म्हणायचं, हेही त्यांनीच बजावलं. आदल्या दिवशी एसटीने पाठवून कंपनीचं गेटसुद्धा बघून यायला लावलं.

त्या सवयीनेच मी पिन मोजण्याआधी जबडे मिटवून पाहिले होते. पट्टी शून्यावर नव्हती, पॉइंट झिरो आठ मिलिमीटर पुढे होती. याला झिरो एरर म्हणतात. तेवढं मापातून वजा करायचं असतं.

पण साहेबांचंच माप चुकलंय हे सांगायचं कसं? मी व्हर्नियर त्यांच्यापुढे धरला.

"सर, आकडा तुम्ही वाचलात तोच दिसतोय," मी म्हणाले. "पण व्हर्नियरमध्ये झिरो एरर आहे. मिटवून बघा."

त्यांनी मिटवून पाहिलं. खिडकीकडे धरून पुन्हा पाहिलं. मग मायक्रोमीटर मागवला. तो याहून बारीक मोजतो. त्यावर बरोबर पंचवीस आलं.

साहेब उठले आणि दार उघडून सुपरवायझरला म्हणाले, "सकाळचा पिनांचा लॉट थांबवा. याच व्हर्नियरने चेक झालाय ना? सगळा परत मोजा."

खुर्चीत बसल्यावर मला विचारलं, "मायक्रोमीटर वापरलाय कधी?"

"नाही सर. येत नाही."

"शिकाल. जॉइन कधी होताय?"

घरी यायच्या आधी मी पेढे घेऊन मामांकडे गेले. पाया पडताना रडूच आलं. शिकवणीचं त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नव्हतं, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मामांनी पेढा तोंडात टाकला आणि इंटरव्ह्यूतला एकेक प्रश्न विचारून घेतला.

"मायक्रोमीटर नाय येत म्हनलीस?"

"हो."

"बरा केलास. जॉइन कवा व्हायचंय?"

"सोमवारी."

दुसऱ्याच दिवशी ते कल्याणला जुन्या मित्राकडे गेले आणि मायक्रोमीटर मागून आणला. सोमवारपर्यंत मी रोज त्यांच्यासमोर बसले. नोकरी लागली की तयारी संपते, हा माझा समज पहिल्या पगाराच्या आधीच मोडला.