आत्याच्या गोळ्या आणि माझी पेशी

मला राग चटकन येतो. भिसेगावात एकदा मी आत्यावर अशी ओरडले की शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली.

ऐंशीनंतरची वर्षं. मी मुंबईत एका प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. त्यांना मारणारं एक औषध सूक्ष्मदर्शकाखाली नारिंगी चमकायचं. साध्या पेशी त्यानं भरून जायच्या. काही चिवट पेशी मात्र काळोख्याच राहायच्या. त्यांच्या आवरणातलं एक प्रथिन आत आलेलं औषध बाहेर फेकून द्यायचं. एकच नव्हे, वेगवेगळ्या जातीची औषधं. मला त्या पेशीचं भारी कौतुक, आणि ते मी आत्याला सांगून बसले.

"मुडदीचं कसलं कौतुक गं!" आत्या भडकली. तिच्याबरोबर वीस वर्षं भातलावणीला उभी राहिलेली, डोंगराकडच्या वाडीतली बाई ह्याच आजारानं मुंबईत इस्पितळात होती. आधी लागू पडलेलं औषध आता पडत नव्हतं.

तिची समजूत काढायला मी म्हटलं, "उपाय सापडतोय. तू छातीसाठी गोळी घेतेस ना, ती पेशीत कॅल्शियम शिरायच्या वाटा बंद करते. तेच औषध आम्ही काचेच्या बशीत वाढवलेल्या चिवट पेशींवर घातलं, तर त्यांचं फेकणं थांबलं. चमकल्या सगळ्या."

आत्यानं पान लावायला घेतलं. मला वाटलं, पटलं.

पंधरा दिवसांनी गेले तर ती पायरीवर धापा टाकत बसलेली. पानाचा डबा माझ्यापुढे सरकवला. आत तिच्या न घेतलेल्या गोळ्या.

"तिला नेऊन दे. माजं चाललंय अजून."

तेव्हा मी ओरडले. मग रडले. इतकी वर्षं पेशी बघत होते, पण असं माणूस पाहिलं नव्हतं. शांत झाल्यावर सांगितलं, की बशीत घालतो तेवढं औषध माणसाला दिलं तर त्याचं हृदयच बंद पडेल.

"मंजी तुमाला अजून जमलं नाय."

"नाही."

तिनं एक गोळी पाण्याबरोबर गिळली. "मंग हितं काय करतेस? जा, कामाला लाग."

ती बाई भातकापणीआधीच गेली. पेशीचं कौतुक मी पुन्हा कुणापुढे केलं नाही. आत्या मात्र पुढे कितीतरी वर्षं, मी दारात आले की पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी विचारायची, "जमलं का गं?"