त्यांनी हात जोडले नव्हते
कापराचा वास आला की मला वडील आठवतात. ते देव मानत नसत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी एका फटकळ, नास्तिक गुरुजींसोबत बुवाबाजी उघडी पाडायला गावोगाव फिरायचे. जिभेवर पेटता कापूर ठेवून दाखवायचं काम वडिलांकडं असे. गुरुजी गेल्यावर काही वर्षांनी त्यांच्यावर सिनेमा आला. वडील इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासोबत दुपारच्या शोला आले. पडद्यावरचे गुरुजी गाणी म्हणत होते, प्रेमात पडत होते. त्यांची भाषणं मात्र कुठंच नव्हती. शेवटी तर दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या कळसाला हात जोडले आणि थिएटरात टाळ्या पडल्या. वडील ताडकन उभे राहिले. "खोटं हाय! मी होतो की तितं. त्यांनी हात न्हाईत जोडलं, चहा मागितला." मागून कुणीतरी म्हणालं, "बसा की काका, पिक्चर हाय नुसता." वडील बसले. दिवे लागले, माणसं निघून गेली, तरी ते रिकाम्या पडद्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "गुरुजी असते तर भांडलं असतं रं. आता त्यांच्या बाजूनं कोण बोलणार?" गेल्या वर्षी वडील वारले. घरातून न्यायच्या आधी चुलत्यांनी त्यांच्या कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले. मी शेजारीच उभा होतो आणि काही बोललो नाही.