हद्दीच्या दगडाची पालखी

जतकडच्या माळावर गोऱ्या सरकारनं मेंढरांचं कुरण जंगलखात्याला देऊन टाकलं, धनगरवाड्याची निम्मी खोपटं मोडली आणि धोंडुबाईच्या अंगणात हद्दीचा दगड रोवला. धोंडुबाई तेव्हा नवी नवरी. साहेबाच्या घोड्याचा धुरळा बसायच्या आत तिनं दगडाला भंडारा फासला. सरकारी दगड हलवणं गुन्हा होता. देवाला पुजणं थोडंच गुन्हा?

देव झाला म्हटल्यावर जत्रा आली आणि जत्रेबरोबर पालखीही आली. दरसाल दगडोबा ढोलाच्या गजरात वाजतगाजत मिरवायचा. परत बसवताना भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात नेमकी जागा कुणाला दिसणार? देव माळाच्या अंगाला जरासा सरकून बसायचा आणि त्याच्या मागोमाग एखादं खोपटं उभं राहायचं.

गोरं सरकार गेलं, हद्द मात्र कागदावर तशीच राहिली. बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर मोजणीदार साखळी घेऊन आला. अंगणात दगड नाही म्हणून शोधत शोधत पार टेकाडापाशी पोचला. तिथं पिवळाधमक दगड बघून त्यानं आधी चपला काढल्या, हात जोडले आणि मग म्हाताऱ्या धोंडुबाईवर खेकसला, "सरकारी दगड इथवर चालत आला काय?"

"व्हय की," धोंडुबाई त्याच्या कपाळाला भंडारा लावत म्हणाली. "आमच्या अंगणात शिरला, तवा कुणी न्हाई इचारलं. आता आपल्या वाटंनं माघारी निगालाय, तर चवकशी व्हय रं?"