समोरच्या काकांचं बान्स्को

दुबईतल्या अख्ख्या अल मनखूलमध्ये बल्गेरियाचा खरा रहिवासी एकच, आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका. सडाफटिंग माणूस, कार्गो कंपनीत नोकरी, आणि बल्गेरियाला जन्मात गेलेले नाहीत! मंदीच्या आधी एका प्रदर्शनात त्यांनी तिकडच्या डोंगरदरीतल्या बान्स्को गावी, अजून चित्रातच असलेल्या इमारतीत, एक फ्लॅट बुक केला. तेव्हापासून काका देहानं दुबईत आणि जिवानं तिकडे. भर ऑगस्टात एसी गारठवून माकडटोपीत बसायचे आणि येईल त्याला गाव दाखवायचे. "हे डावीकडे चर्च, मनोऱ्यावर करकोच्यांचं घरटं. जपून हो, दगडी रस्ता आहे!" लुटारूंच्या भीतीनं बांधलेल्या उंच भिंती, घराघरातल्या लपायच्या जागा, डोंगरातलं हजार वर्षांहून जुनं पाइनचं झाड, काही म्हणून सुटायचं नाही. मध्येच बोट वर करून म्हणायचे, "ऐका, घंटा झाली." आम्ही हसायचो. एकदा मात्र माझ्या बायकोनंही दचकून वर पाहिलं, आणि माझा चहा तसाच राहिला.

मग मंदी आली. बान्स्कोतली इमारत खांबांवरच थांबली आणि आमची बिल्डिंग रिकामी होऊ लागली. नोकरी गेली की व्हिसा गेला. निरोपालाही सवड नसे. बान्स्कोत म्हणे माणूस वारला की त्याचा फोटो दारावर लावतात आणि दरवर्षी नवा लावून आठवण ठेवतात. काकांनी ती रीत इथे सुरू केली. जे नुसतेच भारतात परतले, त्यांचे गणपतीतले फोटो त्यांच्या बंद दारांवर! पुण्याला परतलेल्या कुलकर्ण्यांकडे सांत्वनाचे फोन गेले.

"अहो काका, ती माणसं जिवंत आहेत!"

"असतील हो. इथून तर खलास ना? उद्या नवा भाडेकरू आला की कोण विचारतो?"

कॉरिडॉरमधून जाताना दोन्हीकडून ओळखीचे चेहरे बघत असायचे. आमची लेक धावतच लिफ्ट गाठायची. "बाबा, दे आर ऑल लुकिंग ॲट अवर डोअर."

शेवटी काकांचीही नोकरी गेली. सांगलीला भावाकडे जायचं ठरलं, पण त्यांना घोर वेगळाच. "माझा फोटो लावायचा कुठे? इथलं दार सोडतोय, तिथलं झालंच नाही."

ते गेले त्या सकाळी मी दार उघडलं. समोर कुलूप, आणि आमच्याच दारावर बाहेरून काका, माकडटोपीसकट. बायकोनं तो फोटो काढू दिला नाही. मग दरवर्षी सांगलीहून फोन यायचा.

"आहे ना?"

"आहे, काका."

"मग ठीक."

यंदा फोन आला तो त्यांच्या भावाचा. जुना फोटो फिका पडला होता. आम्ही दोघांनी मिळून नवा लावला. कडा दाबता दाबता बायको थबकली. "ऐकलंत? घंटा झाली."

या खेपेला मलाही ऐकू आली.