पावेला खांदा

“दाराआड माणूस असतंच, हाक मारायचा अवकाश,” असं बाल्दो उठता-बसता म्हणायचा. गल्ली ओस पडली असं कुणी म्हटलं की हटकून म्हणायचा.

दुब्रोवनिक शहराच्या तटबंदीच्या आत, चढावर आमची गल्ली आहे. गल्ली कसली, घरांच्या दोन रांगांमधून वर गेलेला दगडी जिनाच. या जिन्यावर बाल्दो जन्मला आणि लोकांचे नळ दुरुस्त करत म्हातारा झाला. तो जिच्यापुढे गुडघे टेकून बसला नाही अशी मोरी इथे नव्हती. त्याची बायको पावे खिडकीतून समोरच्या खिडकीला ऐकवायची, “एवढे गुडघे चर्चमध्ये टेकले असते तर आज संत म्हणून याची मिरवणूक निघाली असती.” समोरची हसायची. मग दोघी मिळून त्याच्या टोपीची, त्याच्या चालण्याची आणि गळक्या नळांपेक्षा जास्त वेळ चालणाऱ्या तोंडाची उजळणी करायच्या. तो खाली पायरीवर बसून अंजिराची साल काढत सगळं ऐकून घ्यायचा.

आमच्या जिन्यावर गाडी चढत नाही. माणूस गेलं की शवपेटी खाली न्यायची ती शेजाऱ्यांनी, थेट वेशीबाहेर उभ्या असलेल्या गाडीपर्यंत. प्रत्येक दारातून एक गडी बाहेर पडायचा. घरच्यांनी खांदा द्यायचा नाही, मागून चालायचं. भाडोत्री माणसांनी एखाद्याला नेलं तर त्या घराचं कुणाशी धड नव्हतं असं लोक समजायचे, आणि ते बोलणं नातवंडांपर्यंत पुरायचं. वळणाच्या पायरीवर पेटी तिरपी करावी लागते, सगळा भार खालच्या माणसावर येतो. तिथे बाल्दो असायचा. गल्लीतले बहुतेक मेलेले त्याच्या डाव्या खांद्यावरून गेले.

वसंतात पावेने अंथरूण धरलं तेव्हा ती त्याला म्हणाली, “ऐक. मला परकी माणसं नकोत. माझं वजन गल्लीला माहीत आहे, दुसऱ्यांना कशाला कळायला हवं?”

“सगळं शहर येईल तुला न्यायला.”

“शहर नको. आपला जिना पुरे.”

“दिला शब्द,” बाल्दो म्हणाला.

ऑगस्टातल्या एका शनिवारी सकाळी ती गेली.

तोवर जिन्यावरची घरं एकेक करून सुटली होती. म्हातारे गेले, मुलांनी तटाबाहेर नव्या इमारतींत बिऱ्हाडं केली आणि जुनी घरं दोन-चार दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना दिली. आता दाराशेजारी आकडे फिरवायची छोटी डबी असते, तिच्यात किल्ली. त्या घरांतल्या चादरी मी बदलते, म्हणून कुठल्या दाराआड कोण आहे ते मला माहीत असतं. बाल्दोलाही माहीत होतं. तरी अंत्यविधीवाल्यांचा फोन आला, पाचला गाडी येईल, सोबत चार माणसं देतो म्हणाले, तेव्हा तो म्हणाला, “गाडी पाठवा. माणसं आमची आहेत.”

त्याने धुतलेला सदरा घातला, टोपी हातात घेतली आणि सगळ्यात वरच्या दारापासून सुरुवात केली. मी चादरींचं गाठोडं घेऊन मागे. दोन दारं उघडलीच नाहीत. तिसऱ्या दारात एक तरुण जोडपं उभं राहिलं, केस ओले, अंगाला समुद्राची वाळू. बाल्दोला परदेशी शब्द येत ते धंद्यापुरते, पाणी, बंद, उद्या. मी पोचेपर्यंत त्याने आपल्याच भाषेत “माझी बायको” म्हणून खाली बोट दाखवलं होतं. पोराचा चेहरा उजळला. त्याने बाल्दोला हाताला धरून आत नेलं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता.

मी आत गेले तर बाल्दो बेसिनखाली शिरलेला.

“दुंदो, उठा,” मी म्हटलं. आम्ही सगळे त्याला काकाच म्हणायचो. “मी सांगते त्यांना.”

“थांब. वायसर गेलाय.”

“आज?”

“वायसरला काय ठाऊक आज काय आहे.”

तो उठला तेव्हा त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. मी त्या दोघांना त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. पोरगी खाली बसली. पोरगा म्हणाला, मी येतो, मला उचलता येईल. मी ते बाल्दोला सांगितलं. त्याने पोराकडे बराच वेळ पाहिलं.

“चांगला आहे,” तो म्हणाला. “पण तो उद्या जाणार. खांदा दिलेला माणूस संध्याकाळी याच पायऱ्या चढून घरी यायला हवा. याला नको म्हण. नीट शब्दांत म्हण.”

बाकीची दारं त्याने ठोठावली नाहीत. आपल्या पायरीवर बसून गल्ली सोडून गेलेल्यांना फोन लावले. मारो बोटीवर होता, समुद्रात. एकाने मुलाला फोन दिला, मुलाला पावे कोण ते आठवेना. पेरो आमच्याच जिन्यावर वाढलेला, आता मोठ्या रस्त्यावर वेटर.

“दुंदो, शनिवार आहे, पर्यटकांची तीन जहाजं लागलीत,” पेरो म्हणाला. “ऑक्टोबरात असतं तर सुट्टी काढली असती.”

“तिला सांगतो,” बाल्दो म्हणाला.

पलीकडे ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग, “दहा मिनिटं येतो.”

पाचला पेरो आला, कमरेला ॲप्रन तसाच. जिन्याच्या पायथ्याशी राहणारा लुक्षा आला, त्याच्या एका गुडघ्यात लोखंड आहे. आणखी कुणी आलं नाही. मी पुढे झाले तर बाल्दो म्हणाला, “पावे उठून तुला हाकलेल. गाठोडी उचलतेस तेवढं पुरे.” आणि रीत मोडून त्याने स्वतःच पेटीला खांदा लावला.

तिघांनी उचलली. वळणाच्या पायरीशी लुक्षाचा गुडघा वाकला आणि पेटीची कड भिंतीला घासत गेली. पेरोने पायरीवर पाय रोवून ती थोपवली. त्याच्या खिशात फोन वाजत होता. नको म्हटलं तरी गाडीबरोबर आलेले चौघे हातमोजे घालून खालच्या पायरीवर थांबले होते. त्यांच्यातला वयस्कर माणूस वर आला.

“गोस्पार बाल्दो,” तो अदबीने म्हणाला, “द्या आमच्याकडे.”

“तुम्ही कुठले?”

“मी डोंगरापलीकडचा. हे तिघे आणखी लांबचे.”

बाल्दोने पेटी सोडली, तळहात मात्र तिच्यावर तसाच ठेवला. माणसं त्याच्यासाठी खोळंबली. मग त्याने तो हातही काढला.

चौघे सराईत होते. त्यांनी पेटी कुठे हलू दिली नाही. खालून बॅगा ओढत एक कुटुंब चढत होतं, ते भिंतीला चिकटून उभं राहिलं. मोठ्या रस्त्यावर छत्री उंच धरून शहर दाखवणारी आमच्याकडचीच एक मुलगी होती. तिने छत्री मिटली आणि तिच्यामागची माणसं गप्प झाली. कुणीतरी फोटो काढला. लुक्षा मागेच राहिला होता, पेरो गिऱ्हाइकांकडे पळाला. मागून चालायला मी आणि बाल्दो एवढेच.

वेशीबाहेर पेटी गाडीत गेली. चालकाने पुढचं दार उघडलं. “बसा. दफनभूमीपर्यंत चढ आहे.”

“गाडीमागून चालायचं असतं,” बाल्दो म्हणाला.

“मला हळू नेता येणार नाही हो. मागे बस उभी आहे.”

“मग जा पुढे.”

मी त्याच्याबरोबर निघाले, तर त्याने हातानेच नको म्हटलं. गाडी बसच्या रांगेत शिरली आणि वळणावर दिसेनाशी झाली. बाल्दो रस्त्याच्या कडेने चढू लागला, टोपी हातातच. त्याने पावलं वाढवली नाहीत. वेशीच्या कमानीखालून मी पाहत होते. तटावर चढायच्या रांगेतली माणसंही पाहत होती, रांग पुढे सरकेपर्यंत.