दगडी शहर आणि आभारप्रदर्शन

डॉक्टर मला कधीच आवडले नाहीत. इथे कॅनडात, व्हिटबीत, त्यांचं घर आमच्या मागच्याच रस्त्यावर आहे, दोघांची मुलं एकाच शाळेत शिकली, गणपतीच्या आरतीला आम्ही शेजारी शेजारी उभे राहतो, तरीही नाही. निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण हा माणूस अजून समोरच्याला पेशंट समजूनच बोलतो. तुम्ही काही सांगायला लागलात की मान तिरकी करून ऐकतो आणि मग तुमचंच तुम्हाला समजावून देतो. कुठे सहलीला जाऊन आला की महाराष्ट्र मंडळात त्याचा स्लाइड शो ठरलेला. या खेपेला आफ्रिका होती.

एरवी मी पाठदुखी पुढे करून घरी बसलो असतो. पण माझी सून झिम्बाब्वेची आहे. मुलानं तिच्याशी लग्न केलं तेव्हा मंडळातल्या बायका माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "असू दे हो, मुलं सुखी म्हणजे झालं." हा सूर लोक दहाव्याला आले की लावतात. मी तो विसरलेलो नाही. आता सुनेला सातवा महिना लागला होता आणि बाळाचं बारसं मंडळाच्या हॉलमध्येच व्हायला हवं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. त्या हॉलमध्ये दर कार्यक्रमाला खुर्च्या मी मांडतो. ओळखीच्या सगळ्यांच्या नातवंडांचे पाळणे तिथे हलले, मग माझ्याच नातवंडाचा का नको?

सून म्हणाली, "बाबा, लेट मी मीट दीज पीपल फर्स्ट."

रास्त होतं. मी म्हटलं, येत्या रविवारीच चल, तुझ्याच देशाचे फोटो दाखवणार आहेत. सुनेला आपल्या लोकांत रुळवायचं, तर तिला तिच्याच देशावरच्या मराठी व्याख्यानाला नेऊन बसवायचं, ही अक्कल फक्त आमच्यासारख्यांनाच सुचते. विकतचं श्राद्ध घेतलं मी. त्यात अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "सून तिकडचीच, मग आभार तुम्हीच माना." मी हो म्हणालो. आमच्याकडे व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं नसतात. आभार मानायचे, वक्त्याला नारळ द्यायचा आणि वड्यांकडे वळायचं.

सून साडी नेसून आली. पुढच्या रांगेत माझ्या आणि बायकोच्या मधे बसली.

सिंह झाले, धबधबा झाला, मग ते दगडी शहर आलं. ग्रेट झिम्बाब्वे. देशाला नाव मिळालं ते या जागेवरून. फोटो उत्तम होते, हे कबूल करायला हवं. मी जन्मभर काँक्रीटच्या इमारतींची गणितं केली, पण त्या भिंती बघून सरळ होऊन बसलो. चुना नाही, माती नाही, नुसते ग्रॅनाइटचे घडीव तुकडे थरावर थर रचलेले. भिंत वर जाताना थोडी थोडी आत कललेली, आणि सगळीच वळत गेलेली, कुठे कोपरा म्हणून नाही. शेकडो वर्षं उभी आहे. सून माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, स्कूल ट्रिपला गेलो होतो आम्ही इथे. वी एट अवर लंच अगेन्स्ट दॅट वॉल." मराठी ती असंच तुकड्या-तुकड्यानं बोलते. भराभरा बोललेलं तिला कळत नाही.

नाही कळलं तेच बरं, असं मला पुढच्याच मिनिटाला वाटलं.

"आता मला सांगा," डॉक्टर म्हणाले, "हे या लोकांनी बांधलं असेल? अहो, गाइडला साधं वेळेवर येता येत नव्हतं!" हॉल हसला. "तिथे उत्खननात मणी सापडलेत. मणी कुठले? भारतातले! म्हणजे कारागीर कुठले? हे आपलं काम आहे मंडळी, आपलं. लिहून ठेवा."

टाळ्या पडल्या. चांगल्या कडकडून पडल्या. आणि सगळे वाजवतायत म्हणून माझी सूनही हसून टाळ्या वाजवू लागली.

"व्हॉट डिड ही से?" तिनं विचारलं.

"नंतर सांगतो," मी म्हणालो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आभाराला उठलो. नारळ हातात होता. म्हणालो, "डॉक्टरांचे आभार. माझ्या घरातल्या सगळ्या कपबश्या चीनमधून आल्यात. तेव्हा माझं घर चिन्यांनी बांधलं असणार, हे मला आज कळलं. ही भिंत तिथल्याच शोना लोकांच्या पूर्वजांनी बांधली. मणी व्यापारातून आले. कैलास लेणं परग्रहावरच्या लोकांनी कोरलं, असा व्हिडिओ कुणीतरी पाठवला तेव्हा हेच डॉक्टर आठवडाभर फणफणत होते. वेरूळ आपलं, आणि दुसऱ्याचं शहर तेही आपलंच? ज्यांचं आहे त्यांच्यातली एक माझी सून आहे. ती इथे बसलीय. तिची मंडळानं माफी मागावी."

कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "चला, वडे गार होतायत."

वड्यांच्या टेबलाशी डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, मी तुमच्या सुनेला काही म्हणालो का? तिची गोष्ट वेगळी. शी इज एज्युकेटेड." मी हात झटकला. नारळ अजून माझ्याचकडे होता. तो मी त्यांना दिला नाही. बायको दातओठ खात म्हणाली, "अहो, पुरे आता. उद्या यांच्यातच बसायचंय आपल्याला." पलीकडे एक बाई सुनेच्या गालाला हात लावून इंग्रजीत सांगत होत्या की ती काही तितकी काळी नाही.

पार्किंग लॉटमध्ये मी सुनेला सगळं शब्दन् शब्द सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली की तिच्या वडिलांच्या शाळेत गोरे मास्तर हेच शिकवायचे, की हे बाहेरून आलेल्या कारागिरांनी बांधलं. त्याचं तिला नवल नव्हतं.

"बट यू लेट मी क्लॅप, बाबा."

मी गाडीचं दार उघडून धरलं.

"माय बेबी इज नॉट गोइंग इन दॅट हॉल," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

मला तिचाही राग आला, खोटं कशाला सांगू. सगळ्यांशी भांडलो ते हिच्यासाठीच ना? घरी येऊन जेवलो नाही. बायको तर माझ्याशी कितीतरी दिवस बोलायची कामापुरती. मंडळाचे फोन थांबले. खुर्च्या आता दुसरं कुणीतरी मांडतं.

मुलगी झाली. बारसं मुलाच्या काँडोत, त्याच्या फ्लॅटवरच झालं. हरारेहून विहीणबाई आल्या होत्या, पाळणा त्यांनी आणि माझ्या बायकोनं मिळून हलवला. मंडळातलं कुणी नव्हतं. मला हॉल आठवत होता, आणि आठवतोय याची चीड येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाच्या बारशाला मी पहाटेपासून राबलो होतो. "अभिनंदन! आम्हाला बोलावलं नाहीत ते असो. नात कुणावर गेलीय?"

हा प्रश्न मीही कितीतरी पाळण्यांपाशी विचारलाय. पण ते काय विचारत होते, ते मला पक्कं कळलं.

"आईवर," मी म्हणालो.

"अगदीच? आजोबांचं काहीच नाही आलं?"

"नाही," मी म्हणालो. "सुटली पोर." आणि फोन ठेवला.