अंबाडा आणि गंगावन

आज नातीला बघायला पाहुणे येणार आहेत. सकाळी तिने जवस उकळून त्याचा चिकट रस ओल्या केसांना लावला आणि चार आकड्यांत अंबाडा घातला. तिचे केस माझ्यासारखेच कुरळे. जवसाच्या वासाने मला बोरीचं माहेर आठवलं.

मला बघायला आले त्या दिवशी आईने माझे कोरडेच केस फणीने विंचरले. ते फुलून टोपलीएवढे झाले. मग जवसाचं तेल कितीही चोपडलं तरी बसेनात. अंबाडा बांधला की आकडे निसटायचे. पालमचे पाहुणे ओसरीवर येऊन बसले होते.

"मान हलवू नको, बये," आई म्हणाली.

मी ताठ मानेने पाटावर बसले. मुलाच्या आत्याने अंबाडा निरखला. "एवढा मोठा? गंगावन लावलंय का काय? सोड बघू."

गंगावन म्हणजे विकतचे केस. ते निघालं तर लग्न मोडायचं. केस माझेच होते, तरी मी भीतभीतच आकडे काढले. अंबाडा सोडला तसे केस चहूकडे उभे राहिले. आत्याने मुठीत धरून हिसका दिला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

"खरे हायत," ती म्हणाली आणि सुपारी फुटली.

तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता त्या हिसक्याचा राग येतो.

"आजी, लय भ्या वाटायलंय," नात म्हणाली. "अंबाडा नीट हाय ना?"

"हाय. कुणी सोड म्हणलं तर सोडू नको."

"आन् त्यांनी नकार दिला तर?"

"देऊ दे. पोहे आपुन खाऊ."